वल्हें : एका साध्या लांकडी साधनाचा अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, शहापूर व मुरबाड हे आपले दोन तालुके डोंगराचे, रानाचे व भातशेतीचे. समुद्र येथून लांब. तेव्हां या वार्षिकाच्या पानांत वल्ह्याविषयीं लेख कशासाठीं, असा प्रश्न तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहील. त्या प्रश्नाचें उत्तर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. वल्हें पाण्यांत चालतें, परंतु जन्मतें रानांत. आणि ज्या रानांत व ज्या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत आपण राहतों, त्यांचा आणि खालच्या खाडीचा संबंध फार जुना आहे. शिवाय ज्या साधनास चाक नाहीं, कळ नाहीं, दांता नाहीं, त्या एका लांकडांत भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र व यंत्रशास्त्र हे चारही विषय कसे एकत्र नांदतात, हें पाहणें विद्यार्थ्यास खचित लाभदायक आहे.

१. नांव व प्रकार

नाव पुढें लोटण्याच्या लांकडी साधनास मराठींत वल्हें म्हणतात व त्या क्रियेस वल्हविणें म्हणतात. वल्ह्याचे भाग तीन : हातांत धरावयाची मूठ, मधला दांडा, आणि पाण्यांत शिरणारें रुंद पातें. संस्कृतांत त्यास क्षेपणी व नौकादंड अशीं नांवें आहेत. अरित्र हा त्याहूनही जुना शब्द. समुद्रांत सांपडलेल्या भुज्यूला अश्विनीकुमारांनीं शंभर अरित्रांच्या नावेंतून तारिल्याची कथा ऋग्वेदांत आहे. वल्हें या अर्थाचा लॅटिन भाषेंतील 'रेमुस' आणि वल्हविणें या अर्थाचा इंग्रजींतील 'रो' हे शब्द याच अरित्राचे सगोत्र होत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्याचप्रमाणें नावेच्या पाठीमागें दिशा फिरविण्याचें जें साधन असे, त्यास संस्कृतांत कर्ण म्हणत. तें धरणारा तो कर्णधार. आज आपण क्रिकेटच्या संघाच्या नायकास कर्णधार म्हणतों, तेव्हां नकळत एका नावाड्याचेंच नांव घेत असतों.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. लहान होडींत वल्हें कोठेंही न बांधतां दोन्ही हातांनीं मोकळें धरतात, आणि वल्हविणाऱ्याचें तोंड जाण्याच्या दिशेकडे असतें. मोठ्या होडीचें वल्हें लांब. तें कडेच्या खुंटीस किंवा दोरीच्या वेढ्यांत अडकवितात, आणि वल्हविणारा बहुधा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पहिल्या प्रकारांत माणसास पुढील वाट दिसते. दुसऱ्या प्रकारांत पाठ व पाय यांचें बळ कामीं येतें, परंतु वाट दाखविण्यास सुकाणूवर दुसरा माणूस बसवावा लागतो. अगदीं उथळ पाण्यांत मात्र दोन्ही प्रकार निरुपयोगी; तेथें तळाशीं बांबू टेकून नाव रेटावी लागते.

२. आपल्या नद्या व कल्याणची खाडी

वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. भातसा शहापूर तालुक्यांतून व काळू मुरबाड तालुक्यांतून वाहते; या दोघींचें पाणी पुढें उल्हास नदीस मिळून खाडीला जातें. या नद्यांचा स्वभाव तुम्हांस ठाऊक आहे. वैशाखांत खडकांमधून एक बारीक धार, आणि आषाढांत दोन्ही कांठ पोटांत घेणारा पूर! असल्या नदींत डोंगरपायथ्याशीं होडीचा मार्ग नाहीं. परंतु खालीं कल्याणपर्यंत भरतीचें पाणी चढतें, आणि म्हणूनच तेथें फार प्राचीन काळीं बंदर वसलें. पहिल्या शतकांत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक ग्रंथांत कल्याणचा उल्लेख आहे, व कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर रहिवाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत. या बंदराच्या पाठीशीं जें रान पसरलें होतें, तें आपलें रान.

कोळी या शब्दानें येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. आपल्या डोंगरांतील महादेव कोळी हे सह्याद्रीच्या कुशींत शेती करणारे. खाडीवरील व समुद्रकांठचे सोनकोळी हे होडी व जाळें यांवर निर्वाह करणारे. नांवांत साम्य आहे, पण धंदा निराळा. आपल्या ओढ्यानाल्यांतून मासे व खेकडे धरण्यांत कातकरी बांधवांचा हातखंडा आहे, हेंही तुम्हीं पाहिलेंच असेल.

पुढें माणसानें या नद्यांचें रूप पालटलें. मुंबईस पाणी पुरविण्यासाठीं तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालीं झाला. आणि त्यानंतरच्या काळांत भातसा धरण उभें राहिलें. आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वांटा भातसेचा आहे. या धरणांपायीं शेतें, घरें व पाऊलवाटा पाण्याखालीं गेल्या. ज्या वाटेनें आजोबा पायीं चालले, तेथें नातवास खोल व स्वस्थ पाणी दिसतें. असें पाणी डोंगरांत आलें म्हणजे त्याच्या मागोमाग होडीही येते, आणि होडीबरोबर वल्हें येतें. म्हणून वल्हें ही आतां केवळ समुद्रकांठची गोष्ट राहिली नाहीं.

३. दगडावरील व कागदावरील पुरावे

बोरिवलीजवळ एकसर म्हणून एक गांव आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा होईपर्यंत तें ठाणें जिल्ह्यांतच होतें. तेथें जुने वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे युद्धांत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला शिलास्तंभ. एकसरच्या वीरगळांवर समुद्रावरील लढाई कोरलेली असून त्यांतील नौकांच्या कडांना वल्ह्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यामधील तेराव्या शतकांतील संग्रामाचें हें चित्र असावें, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. राजे गेले व राज्यें गेलीं. परंतु शिल्पकारानें दगडांत कोरलेलें वल्हें राहिलें.

इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं घेतलीं, आणि त्यानंतर याच खाडीच्या आश्रयानें मराठी आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला. या आरमारांतील गलबत हें जहाज शीड व वल्हीं या दोहोंवर चाले. मोठ्या गलबतास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे शिडाचीं मोठीं जहाजें जागच्या जागीं खिळून राहत. त्या वेळीं हीं गलबतें वल्ह्यांच्या बळावर हवीं तिकडे धांवत, व प्रसंगीं आपल्या बाजूच्या मोठ्या गुराबांना दोर लावून ओढून नेत. वाऱ्यावर विसंबणाऱ्यापेक्षां स्वतःच्या बाहूंवर विसंबणारा अशा वेळीं सरस ठरे.

या आरमारास लांकूड कोठून आणावें, याविषयीं रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रां'त फार मननीय विचार आहे. हा ग्रंथ सन १७१५ च्या सुमाराचा. रानांतील सागासारखीं झाडें परवानगीनें तोडावीं; परंतु आंबा, फणस वगैरे झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये; कारण तीं एक-दोन वर्षांत होत नसतात, व रयतेनें तीं पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन घ्यावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. राज्यास जहाजाची निकड असतांही गरीबाच्या दारांतील आंब्याचा विचार करणारी ही दृष्टि विद्यार्थ्यांनीं मनांत सांठवून ठेवण्यासारखी आहे.

४. लांकडाची निवड

वल्ह्याच्या लांकडास चार गुण हवेत. तें हलकें असावें, म्हणजे दिवसभर उचलतांना हात भरून येत नाहींत, आणि हातून सुटलें तरी पाण्यावर तरंगतें. तें चिवट असावें, म्हणजे वांकतें पण मोडत नाहीं. तें पाणी फार पिणारें नसावें. आणि त्याच्या रेषा सरळ व गांठींवांचून असाव्या.

या चारही गुणांत पूर्ण असें झाड विरळाच. म्हणून कारागीर तारतम्य पाहतो. सागाच्या लांकडांत नैसर्गिक तेल असल्यामुळें तें पाण्यानें थोडेंच फुगतें व त्यास वाळवी सहसा लागत नाहीं. सागाचा टिकाऊपणा किती, याचें उदाहरण पाहा. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें जहाज १८१७ सालीं पाण्यांत लोटलें गेलें. तें आज दोनशें वर्षांनंतरही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे! शिवणीचें लांकूड हलकें असून वाळल्यावर फारसें वांकत नाहीं. धामणीचा गुण लवचिकपणा. खांद्यावर वाहावयाच्या कावडीच्या दांडीस व धनुष्यास धामण वापरतात, तें याच कारणानें. ऐन व खैर हीं लांकडें बळकट खरीं, परंतु जड. तीं खांबास व मुसळास शोभतात, वल्ह्यास नव्हे. कोंकणच्या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणीं संपूर्ण वल्हें एका लांकडाचें न करतां बांबूच्या किंवा गोल काठीच्या टोंकास फळीचें पातें घट्ट बांधतात. यांत लांकूड थोडें लागतें, आणि पातें फुटलें तर तेवढेंच बदलतां येतें. गरिबीनें शिकविलेली ही काटकसर शहाणपणाचीही आहे.

५. घडण

एका लांकडाचें वल्हें करावयाचें झाल्यास प्रथम सरळ सोट निवडून तो रेषेच्या दिशेनें फोडतात. करवतीनें आडवातिडवा कापलेल्या लांकडांत रेषा तुटतात, व जेथें रेषा तुटली तेथें पुढें वल्हें मोडतें. फोडलेलें लांकूड सावलींत सावकाश वाळूं द्यावें. उन्हांत घाई केल्यास त्यास फाटी पडतात. मग वाकसानें तासून ढोबळ आकार आणावा, आणि रंध्यानें तो नीट करावा. पात्याचा मध्य जाड व कडा पातळ ठेवतात. मधल्या जाड कण्यामुळें बळ येतें व पातळ कडेमुळें पातें पाण्यांत आवाज न करतां शिरतें. दांडा अगदीं वाटोळा न ठेवतां किंचित लंबगोल ठेवल्यास, पातें कोणत्या दिशेस आहे तें अंधारांतही हातास कळतें. शेवटीं कांचेच्या तुकड्यानें किंवा कांचकागदानें घांसून त्यास तेल पाजावें. मुठीवर मात्र चकचकीत रोगण लावूं नये. घामेजल्या हातास त्यामुळें फोड येतात.

येथें आपण थांबून एका गोष्टीचा विचार करूं. पात्याचा कणा किती जाड असावा, हें कारागिरास कोणत्याही पुस्तकानें सांगितलेलें नसतें. तो बोटांनीं चांचपतो, वल्हें हातावर तोलून पाहतो, एक डोळा मिटून दांड्याची सरळ पाहतो आणि आणखी एक साल काढतो. ज्यास आपण निरक्षर म्हणतों, त्याच्या बोटांत ही विद्या असते. ती विद्या नव्हे असें म्हणण्याचा अधिकार आपणांस, चार बुकें शिकलेल्यांस, कोणीं दिला?

६. बळाचें गणित

आतां यंत्रशास्त्राकडे वळूं. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गतीचे तीन नियम सांगितले. त्यांतील तिसरा असा कीं, प्रत्येक क्रियेस तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते. वल्हें पाणी मागें ढकलतें. पाणी वल्ह्यास, आणि वल्ह्याच्या द्वारें होडीस, पुढें ढकलतें. एवढाच वल्हविण्याचा सिद्धांत.

मोकळें वल्हें हा तरफेचा एक प्रकार होय. समजा, वरचा हात मुठीवर स्थिर आहे, तो टेकू. खालचा हात त्यापासून २ फुटांवर दांड्यास धरून ओढतो, तें बळ. पात्याचा मध्य मुठीपासून ४ फुटांवर आहे. तेथें पाण्याचा विरोध. टेकू एका टोंकास व बळ मध्यें, म्हणून ही तिसऱ्या प्रकारची तरफ. खालच्या हातानें १० किलो वजनाइतका जोर लाविल्यास पाण्यावर ५ किलोइतकाच लागतो. परंतु हात १ फूट सरला कीं पातें २ फूट सरतें. जोर निम्मा झाला, पल्ला दुप्पट झाला. निसर्गाच्या दुकानांत फुकट कांहीं मिळत नाहीं. एका हातानें द्यावें तेव्हां दुसऱ्या हातानें मिळतें.

कडेस अडकविलेल्या लांब वल्ह्यांत खुंटी हा टेकू. तिच्या आंतील भाग २ फूट व पात्याच्या मध्यापर्यंतचा बाहेरील भाग ६ फूट असल्यास, हात १ फूट सरतांच पातें होडीच्या मानानें ३ फूट उलट दिशेस सरतें.

आणखी एक नियम फार उपयोगाचा आहे. पाण्यांतून जाणाऱ्या होडीचा वेग दुप्पट केला, तर पाण्याचा विरोध सुमारें चौपट होतो. म्हणून घाईघाईनें पाणी झोडपणारा लौकर दमतो, आणि संथपणें लांब हात मारणारा दूर जातो. पाण्यावर फटकारा बसला, फेंस उडाला, म्हणजे तेवढें बळ वायां गेलें असें समजावें. चांगल्या नावाड्याचें वल्हें ऐकूं येत नाहीं.

दिशेचाही विचार करा. केवळ डाव्या बाजूस वल्हविल्यास होडी उजवीकडे वळते. ती सरळ ठेवण्यासाठीं मागें बसलेला माणूस प्रत्येक हाताच्या शेवटीं पातें किंचित वळवून पाणी बाहेर लोटतो. दोघे असतील तर पुढचा ताल व बळ देतो आणि मागचा दिशा राखतो. पुढचा मागच्यास पाहत नाहीं. तरी दोघांच्या वल्ह्यांचा ताल एक राहिला तरच होडी सरळ जाते.

७. दूरदेशींचे वल्हेकरी

उत्तर अमेरिकेंत कॅनडा व संयुक्त संस्थानें यांच्या सीमेवर समुद्रासारखीं विशाल सरोवरें आहेत. त्यांच्या परिसरांत अनिशिनाबेक नांवाचे मूळचे रहिवासी राहतात. ओजिब्वे, ओडावा व पोटावाटोमी हे त्यांतील प्रमुख समाज होत. त्यांची परंपरागत होडी भूर्जाच्या सालीची. ज्या जातीच्या वृक्षाच्या सालीवर आपल्या देशांत काश्मीरकडील पंडितांनीं ग्रंथ लिहिले, त्याच जातीच्या तेथील वृक्षाची साल हे लोक सीडरच्या पातळ फांसळ्यांवर ताणून बसवितात, स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनीं शिवतात आणि शिवणींवर त्याचाच चीक लावितात. अशी होडी इतकी हलकी कीं, धबधबा आला म्हणजे ती खांद्यावर घेऊन पलीकडे जातां येतें.

त्यांच्या वल्ह्यास ओजिब्वे भाषेंत 'अब्वी' म्हणतात. तें मोकळें धरावयाचें असून मेपल, अॅश, सीडर अशा लांकडांतून घडवितात. तेथील होडीवाल्यांमध्यें मापाचा एक सोपा अंदाज रूढ आहे : वल्हें जमिनीवर उभें केलें असतां हनुवटीपर्यंत यावें. म्हणजे माप फूटपट्टीचें नव्हे, तर ज्याचें वल्हें त्याच्या देहाचें.

तुम्हां भातकऱ्यांच्या मुलांस आवडेल अशी एक गोष्ट सांगतों. त्या सरोवरांच्या उथळ कडेस एक प्रकारचें धान्य आपोआप उगवतें. त्यास ते 'मनोमिन' म्हणतात. तें आपल्या भातासारखेंच पाण्यांत उभें राहतें. तें पिकलें म्हणजे दोघेजण होडी घेऊन त्यांत शिरतात. दाट पिकांत वल्हें चालत नाहीं, म्हणून एकजण लांब काठीनें होडी रेटतो, आणि दुसरा दोन हलक्या दांडक्यांनीं ओंब्या होडीवर वांकवून हळूच झोडतो. पिकलेले दाणे होडींत पडतात. कांहीं पाण्यांत पडून पुढील वर्षाचें बीं होतात. मुरबाडचा शेतकरी खळ्यांत भात झोडतो, हे होडींत झोडतात. परंतु पुढच्या हंगामाचें बीं राखून ठेवण्याचें शहाणपण दोघांचें एकच.

८. आजची स्थिति व आपलें कर्तव्य

आज पुष्कळ होड्यांस यंत्र बसलें आहे. होडीही फायबरची व वल्हें प्लॅस्टिकचें किंवा अॅल्युमिनियमचें झालें आहे. त्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. चांगला साग दुर्मिळ झाला आहे, परवान्यावांचून तो तोडणें गुन्हा आहे, आणि तानसेच्या भोंवतालचें रान १९७० सालापासून अभयारण्य म्हणून राखलें जात आहे. वल्ह्याच्या हौसेपायीं उभें झाड पाडावें असें कोणीही म्हणणार नाहीं. 'आज्ञापत्रा'नेंही तसें म्हटलें नव्हतें. परंतु यंत्र बंद पडलें, तेल संपलें, तर होडी कांठास आणणारें साधन वल्हेंच होय. म्हणून यंत्राच्या होडींतही एक वल्हें असावें, हा नियम शहाणा माणूस पाळतो.

मात्र वल्ह्याबरोबर जें दुसरें नाहींसें होऊं पाहत आहे, त्याची चिंता केली पाहिजे. तें म्हणजे झाडाची ओळख, हत्याराचें नांव, बोटांतील अंदाज. जुनें वल्हें मोडलें तर नवें करतां येईल. पण धामण कोणती व शिवण कोणती हें सांगणारा म्हातारा निघून गेला, तर तें ज्ञान कोणत्या बाजारांत विकत मिळणार? आपल्या शाळेंतील किती मुलें रानांतील दहा झाडें नांवानिशीं ओळखतील, याचा पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं मिळून विचार करावा. आजोबांस जें येतें तें परीक्षेंत विचारीत नाहींत, म्हणून तें शिकण्याजोगें नव्हे असें मुलास वाटूं लागलें, तर ती हानि फार मोठी आहे. पालकांस विनंती इतकीच कीं, हातांचें काम करणाऱ्या माणसाविषयीं घरांत आदरानें बोलावें. मुलें पुस्तकापेक्षां तें लौकर शिकतात.

शेवटीं सावधगिरीचा एक शब्द. धरणाचें पाणी वरून शांत दिसतें, पण तें खोल व थंड असतें, आणि त्याखालीं बुडालेलीं झाडें व खडक असतात. वडील माणसाच्या सोबतीवांचून, पोहतां येत नसतां, किंवा तरंगण्याचा पट्टा अंगावर नसतां कोणत्याही विद्यार्थ्यानें होडींत पाऊल टाकूं नये. पाण्यास भ्यावें असें नाहीं. त्याचा मान राखावा.

अभ्यासासाठीं

(१) वरचा हात मुठीवर व खालचा हात त्यापासून १½ फुटावर आहे. पात्याचा मध्य मुठीपासून ४½ फुटांवर आहे. खालच्या हातानें १२ किलोइतका जोर लाविल्यास पाण्यावर किती लागेल? हात १ फूट सरल्यास पातें किती सरेल?

(२) नकाशा काढून त्यांत वैतरणा, भातसा, काळू व उल्हास या नद्या दाखवा. भरतीचें पाणी कोठपर्यंत चढतें तेथें खूण करा.

(३) साग, शिवण, धामण, ऐन व खैर यांचीं गळून पडलेलीं पानें मिळवून वहींत चिकटवा, व प्रत्येकापासून काय करतात तें घरांतील वडील माणसांस विचारून लिहा. झाडास इजा करूं नका.

(४) आपल्या गांवच्या सुताराच्या हत्यारांचीं नांवें त्याच्याच तोंडून ऐकून लिहून आणा. जातांना नम्रपणें जा; त्या दिवसापुरते तुम्ही त्याचे विद्यार्थी आहां.